'विट' आणि 'विद्' : एका मावळलेल्या क्रियापदाची कथा



विद्या, विद्यार्थी, विद्यालय हे शब्द शाळेच्या आवारात दिवसातून कितीदा उच्चारले जातात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. या तिन्ही शब्दांच्या मुळाशी संस्कृतातील 'विद्' म्हणजे जाणणे हा धातू आहे. या धातूचे एक सख्खे भावंड इंग्रजीत होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ते भावंड म्हणजे 'विट' हे क्रियापद.

आज 'विट' म्हणजे हजरजबाबीपणा, चतुर विनोद. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र 'विटन' म्हणजे जाणणे. 'मी जाणतो' यासाठी रूप होते 'वाट', आणि 'तो जाणतो' यासाठीही 'वाट'च. मराठीतील वाटेशी त्याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो वेदाशी. संस्कृतातही 'अहं वेद' आणि 'स वेद' अशी दोन्ही ठिकाणी एकच रूपे होतात. अनेकवचनात 'वेद'चे 'विद्म' होते, तसे 'वाट'चे 'विटोन'. एकवचनातील भारदस्त स्वर अनेकवचनात दोन्हीकडे 'इ' होऊन बसतो. असे साम्य योगायोगाने येत नाही.

सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे असेच प्रतिपादन केले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंतील व व्याकरणाच्या रूपांतील साम्य एका समान उगमाकडे बोट दाखवते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे 1822 मध्ये याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलाचा नियम सविस्तर मांडला. संस्कृतात जिथे 'द' तिथे इंग्रजीत 'ट': दश आणि टेन, द्वि आणि टू, दन्त आणि टूथ. त्याच नियमाने विद् आणि विट.

या धातूचा मूळ अर्थ होता पाहणे. 'वेद' आणि 'वाट' ही दोन्ही रूपे घडणीने भूतकाळाची, अर्थाने वर्तमानकाळाची आहेत: पाहिले आहे, म्हणून ठाऊक आहे. लॅटिनमध्ये पाहण्याचा अर्थ टिकला आणि त्यातूनच 'व्हिडिओ' हा शब्द आला. इंग्रजीतील 'विटनेस'चा अर्थ आधी ज्ञान असा होता, मग साक्ष आणि पुढे साक्षीदार. संस्कृतातील 'साक्षी' या शब्दातही 'अक्ष', म्हणजे डोळा, आहेच.

मग हे क्रियापद गेले कोठे? जुन्या इंग्रजीत जाणण्यासाठी दोन क्रियापदे होती. एखादी गोष्ट ठाऊक असणे म्हणजे 'विटन'. ओळखणे म्हणजे आजच्या 'नो'चे पूर्वरूप. जर्मन भाषेने असा भेद आजही राखला आहे. इंग्रजीत 'नो'ने हळूहळू दोन्ही कामे उचलली. हा 'नो'ही परका नाही. तो संस्कृत 'ज्ञा'चा, म्हणजेच मराठी 'जाणणे', हिंदी 'जानना', गुजराती 'जाणवुं' आणि बंगाली 'जाना' यांचा नातलग आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'विट'ची रूपे अजून भेटतात. त्यानंतर ते कायद्याच्या कागदांतील 'टु विट', म्हणजे 'अर्थात', या गोठलेल्या शब्दप्रयोगापुरते उरले. 'वाइज', 'विज्डम', 'विटनेस' हा परिवार नांदतो आहे. क्रियापद तेवढे मावळले.

मराठीतही 'विद्'ची हीच स्थिती आहे. विद्या, विद्वान, वेदना, संवेदना हे शब्द संस्कृतातून आले आणि रुळले. पण 'विद्' हे क्रियापद म्हणून मराठी माणूस चालवत नाही. तो 'जाणतो', आणि त्या जाणण्यातून 'जाणीव' आणि 'जाणता' हे शब्द रोज नव्याने जिवंत राहतात.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी शाळा चालवणाऱ्यांनी ही कथा ध्यानात ठेवावी अशी आहे. नामे चिवट असतात. सणांची, पक्वान्नांची, नात्यांची मराठी नावे परमुलखातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतात. क्रियापदाला मात्र रोजचा काळ, रोजचा कर्ता आणि रोजचे बोलणे लागते. 'पुरणपोळी' हा शब्द घरात आहे, एवढ्याने भागत नाही. पीठ मळायचे, पोळी लाटायची, ती करपू द्यायची नाही आणि हट्टाने रुसलेल्या मुलाला भरवायची, हे सारे मराठीत बोलले गेले, तर भाषा घरात आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला त्या भाषेत आपल्याच धातूंचे भावंड भेटते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण भावंड ओळखायचे, तर आधी आपले घर ठाऊक हवे.