अबोल मूल आणि शिक्षक
(परतवाडा येथील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



वर्गातील एखादे मूल हाक मारताच वळून पाहते. परंतु प्रश्न विचारला की ते शेजाऱ्याच्या वहीकडे पाहू लागते. श्रुतलेखनात ‘सात’ सांगितले असता ‘हात’ लिहिते. अशा मुलावर ‘मंद’ असा शिक्का फार लवकर बसतो. वस्तुतः त्याची बुद्धी शाबूत असून कान अधू असण्याचा संभव असतो.

हाकेला ओ देणे म्हणजे बोलणे नीट ऐकू येणे नव्हे. स, श, फ यांसारखे ध्वनी मुळातच क्षीण व उंच पट्टीचे असतात. श्रवणशक्ती उणावली की पुष्कळदा तेच प्रथम निसटतात. मूल अर्धे ऐकते व उरलेले तर्काने भरून काढते.

परतवाड्याहून घाट चढून मेळघाटात शिकविण्यास जाणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे. कोरकू बालकाचे मौन बहुधा मराठीच्या अपरिचयामुळे असते. परंतु त्याच मौनाआड बहिरेपणही लपून राहू शकते. घरी कोरकू बोलतानाही ते असेच गोंधळते काय, हे त्याच्या आईस अवश्य विचारावे.

कानात मळ साचणे, कान वाहणे यांमुळे आलेले उणेपण वेळीच उपचार केल्यास पुष्कळदा दूर होते. कानात तेल अथवा काडी मात्र घालू नये. आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. अशा वेळी श्रवणयंत्र उपयोगी पडते.

चष्मा लावताच अक्षर स्पष्ट दिसते. श्रवणयंत्राचे तसे नाही. ते आवाज मोठा करते, नवा कान देत नाही. गुरुजींच्या शब्दांबरोबर पंख्याची घरघर आणि बाकांची खरखरही वाढते. त्यातून शब्द वेचून घेण्याची सवय मेंदूला हळूहळू लागते. तोवर मूल कंटाळते, सोबती हसतात, आणि यंत्र घरच्या पेटीत जाऊन पडते. शिक्षकाची खरी कसोटी येथेच आहे.

अशा मुलास पुढे बसवावे. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओरडू नये, सावकाश व स्पष्ट बोलावे. यंत्राचा सेल रोज तपासावा, आणि पाणी व घाम यांपासून यंत्र जपण्यास मुलास शिकवावे. यंत्रानेही ज्यास ऐकू येत नाही, त्यास खुणांची भाषा ही खरी भाषाच होय. तिला हीन लेखू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून मुलांची आरोग्यतपासणी करीत आहेत. पथक शाळेत येईल त्या दिवशी शंकित मूल गैरहजर राहू नये, आणि शिक्षकाने आपली निरीक्षणे पथकास लेखी द्यावीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने या मुलांचा इतरांबरोबर शिकण्याचा हक्क मान्य केला आहे.

वैद्य वर्षातून एखाद्या वेळी मूल पाहतो; शिक्षक रोज पाहतो. भाषा शिकण्याचे वय मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून उद्या हजेरी घेताना प्रत्येक ‘हजर’ जरा लक्षपूर्वक ऐकावा, एवढीच विनंती.