फेडरेशन कुणासाठी बोलते?



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून तुम्ही आलात. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पतसंस्थेचे एखादे पासबुक असेल. गॅरेजवाला, फळगाडीवाला, घरी शिलाई करणारी बहीण यांच्याकडे बँकेला हवे तेवढे कागद नसतात. पतसंस्थेचा पिग्मी एजंट मात्र रोज दारात येतो. आपल्या घामाचा पैसा तिथे आहे, म्हणून या संस्थांची बाजू वर कोण मांडते, हे आपल्याला माहीत हवे.

एकट्याने दार ठोठावणे किती अवघड असते, हे म्हसवडला विचारा. तिथल्या बायकांनी चेतना सिन्हांसोबत बँक काढायला घेतली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. कारण दिले की प्रवर्तक महिला निरक्षर आहेत. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पण प्रत्येक गावाला अशी लढाई एकट्याने जमत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. असा अर्ज कारागिरांच्या संघटनेला करता येतो, एकट्या कारागिराला नाही.

पतसंस्थांसाठी हे काम महाराष्ट्र राज्य सहकारी पतसंस्था फेडरेशन आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले संघ करतात. ते कर्मचाऱ्यांना व संचालकांना प्रशिक्षण देतात, कायद्याचा सल्ला देतात, सहकार खात्यापासून मंत्रालयापर्यंत पाठपुरावा करतात. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली थकबाकीचा वसुली दाखला निबंधकाकडून मिळतो, दिवाणी दावा लावावा लागत नाही. असे दाखले वेळेवर मिळाले नाहीत तर छोटी संस्था बुडू शकते. तिथे संघाचा आवाज कामी येतो.

आता खरा प्रश्न ठेवींचा. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. बँकेच्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असल्यामुळे ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांचे सगळे पैसे सुरक्षित आहेत, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. संस्था बुडाली तर अम्मीच्या हजच्या पैशांसाठी अवसायकाच्या दारात हेलपाटे घालावे लागतात. अमेरिकेत पतसंस्थांच्या ठेवींना १९७० पासून विमा आहे. आपल्याकडेही ठेवींना संरक्षण मिळावे, ही फेडरेशनची जुनी मागणी आहे. ती रास्त आहे.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. फेडरेशनच्या सभासद संस्था असतात, तुम्ही-आम्ही नाही. तिथे आपल्या संस्थेचा प्रतिनिधी म्हणून बहुधा एखादा संचालक बसतो. त्याला वसुलीचे अधिकार आणि करसवलत महत्त्वाची वाटणार. ठेवीदाराची सुरक्षितता आणि जामीनदाराची अडचण त्याला तितकीच महत्त्वाची वाटेल, याची खात्री नाही. त्या खुर्चीवर कोण बसणार, हे संस्थेच्या निवडणुकीत ठरते. आणि तिथे प्रत्येक सभासदाला एकच मत असते, शेअर कितीही असोत.

आपल्यातल्या काहींना व्याजाचा प्रश्न अडतो. तो खरा प्रश्न आहे, मी तो टाळत नाही. पण देशात बिनव्याजी सहकारी संस्थाही चालतात आणि दिल्लीची सहूलत मायक्रोफायनान्स सोसायटी त्यांना पाठबळ देते. म्हणजे व्याज नको असेल तरी सहकाराचा आणि संघटनेचा मार्ग मोकळा आहे. बाहेर राहून मोबाइलच्या लोन ॲपच्या जाळ्यात सापडणे, हा मार्ग नव्हे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. नुसते खातेदार राहू नका, सभासद व्हा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, तिची नोटीस वाचा आणि सभेला जा. तिथे तीन प्रश्न विचारा: लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला? थकबाकी किती? आणि ठेवींच्या संरक्षणासाठी आपल्या संस्थेने फेडरेशनमध्ये काय मांडले? उत्तर मिळाले नाही तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढच्या सभेला बहिणीलाही सोबत न्या, तिलाही सभासद करा.