एकवीस वर्षांची मादी आणि सहावं अंडं

आजच्या भागात पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे साप. घाबरून बंद करू नका, पुढे ऐका. पाळलेल्या, वय झालेल्या सापांचं प्रजनन करावं का, आणि करायचं तर आधी काय तपासावं, याबद्दल बोलूया. यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधीच कबूल करतो.

सुरुवातीलाच एक सांगतो. मी टेक्ससमध्ये राहतो, इथे बॉल पायथन कायदेशीररीत्या पाळता येतो. भारतात नाग, धामण, अजगर असे आपले साप पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप साईट्सच्या परिशिष्टात येतात, त्यामुळे ते भारतात ठेवायचे तरी सरकारकडे नोंदणी लागते. तेव्हा हे ऐकून सांगली-कोल्हापुरात कोणी उद्योग सुरू करू नका, बरं का.

तर, २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या एक बाई वृद्धाश्रमात राहायला गेल्या. वय ऐंशीच्या पुढे. मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणतो. त्यांची बॉल पायथन मादी त्यांनी मला दिली, आणि सोबत एक वही. २००१ साली पिल्लू घरी आलं तेव्हापासूनचं प्रत्येक खाणं, प्रत्येक कात, प्रत्येक वजन त्या वहीत तारखेसकट लिहिलेलं. एकवीस वर्षांचा लॉग! मी सॉफ्टवेअरवाला, मला तर खजिनाच मिळाल्यासारखं झालं. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "नागपंचमीला आपण चिरत नाही, तळत नाही, आणि तू त्याला उंदीर घालतोस?" असो.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. म्हणजे आमची ही बाई म्हातारी होती, पण जख्ख म्हातारी नव्हती.

त्या हिवाळ्यात एका ओळखीच्या ब्रीडरने विचारलं, "माझा नर देतो, पिल्लं निम्मी निम्मी." त्याचा नर महागड्या रंगाचा होता. खरं सांगायचं तर आधी पैसे डोळ्यांसमोर आले, आणि मग मी त्याला कारणं शोधायला लागलो.

एक कारण लगेच सापडलं. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने जुलै २०२० मध्ये सात अंडी घातली. ती तिथे १९६१ पासून होती, वय अंदाजे ६२. आणि गेल्या पंधरा वर्षांत तर तिची नराशी गाठही पडलेली नव्हती! सापांच्या माद्या नराचं वीर्य दीर्घकाळ शरीरात साठवू शकतात, आणि काही वेळा नराशिवायही अंडी फळतात. मी म्हटलं, बासष्टाव्या वर्षी जमतं, तर एकविसाव्या वर्षी काय अडचण?

इथेच माझं चुकलं. ती बातमी का झाली? कारण ते नेहमीचं नव्हतं. त्या सातांतली दोन अंडी तेव्हाच वाया गेली होती. आणि तिने याआधीही अंडी घातली होती, आमच्या मादीने आयुष्यात एकदाही नाही. एका उदाहरणावरून मी नियम काढला. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मीच रिव्ह्यूमध्ये अडवलं असतं.

दुसरी चूक वजनाची. पाळणाऱ्यांमध्ये ढोबळ नियम आहे की मादी दीड किलोच्या आसपास झाली की प्रजननाला तयार. आमची २,३४० ग्रॅम होती. मी एकच अट तपासली, ती पास झाली, काम झालं. पण तो नियम तीन-चार वर्षांच्या तरुण मादीसाठी आहे. वीस वर्षं छोट्या टाकीत बसून वाढलेलं वजन म्हणजे चरबी. अंडी बाहेर ढकलायला स्नायू लागतात.

जानेवारीत नर सोबत ठेवला. एप्रिलमध्ये ओव्ह्युलेशन झालं, तेव्हा शरीराचा मधला भाग एका दिवसात टम्म फुगलेला दिसतो. मेच्या सुरुवातीला तिने कात टाकली. त्या कातेनंतर साधारण महिन्याभरात अंडी येतात. फेब्रुवारीपासून तिने काही खाल्लं नव्हतं. तेही नेहमीचंच, या काळात माद्या साठवलेल्या चरबीवर जगतात.

जूनमध्ये एका रात्री पाच अंडी आली. तीन पांढरी, भरलेली. दोन लहान, पिवळट आणि कडक, म्हणजे न फळलेली. त्यांना इथे स्लग म्हणतात. मी खूश. सकाळी पाहिलं तर मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली नव्हती. टाकीभर अस्वस्थ फिरत होती, आणि शेपटीच्या थोडं पुढे एक फुगवटा होता. सहावं अंडं आत अडकलं होतं.

ब्रीडर म्हणाला, "हाताने हळूहळू पुढे सरकव." मी तसं केलं नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मी बरोबर केलेली हीच एक गोष्ट असावी. असं दाबलं तर अंडनलिका फाटू शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि सरळ विचारलं, "प्रजननाआधी का नाही आणलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी बाहेरून सुई घालून अंड्यातला द्रव ओढून घेतला, म्हणजे अंडं आक्रसतं आणि बाहेर पडू शकतं. हे लवकर केलं तरच जमतं, कारण दिवस गेले की आतलं घट्ट होतं, आणि मग पोट उघडावं लागतं. दुसऱ्या रात्री ते चिपाड झालेलं अंडं बाहेर पडलं. तिचं वजन भरलं १,५२० ग्रॅम. कणा वरून हाताला लागत होता.

अंडी इन्क्युबेटरमध्ये ३१-३२ अंश सेल्सिअसला ठेवली, जशी घातली तशीच, न फिरवता. एक बुरशी लागून गेलं. दोन पिल्लं सत्तावन्नाव्या दिवशी बाहेर आली. छान आहेत, पण त्यांच्याकडे बघताना मला त्या फुगवट्याचीच आठवण येते.

आता कोणी विचारलं तर मी हे सांगतो. पंधरा-वीस वर्षांची, कधीच अंडी न घातलेली मादी असेल तर प्रजनन करू नका. आधी अंडी घातलेली असेल तर तिचा इतिहास बघा: स्लग वाढत चाललेत का, मागच्या वेळी किती दिवसांत पुन्हा खायला लागली? आधी डॉक्टरकडून अल्ट्रासाऊंड करून घ्या. बाहेरचा नर आणणार असाल तर त्याला काही महिने वेगळा ठेवा, गोचिड्या आणि विषाणूंची तपासणी करा. आणि अंडी घालायचं थांबून दिवस उलटला, मादी अस्वस्थ आहे, फुगवटा दिसतोय, तर वाट बघू नका. नराबद्दल बोलायचं तर, त्याच्यासाठी धोका खूप कमी असतो, पण म्हातारा नर मादीच्या मागे लागून खाणं सोडतो, तेव्हा त्याच्या वजनाकडेही लक्ष हवं.

शेवटचं सांगतो. हे सगळं मी आजींना बरेच दिवस सांगितलं नाही. लाज वाटत होती. ऑगस्टमध्ये भेटायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पिल्लांचे फोटो दाखवले. त्यांनी फोटो बाजूला ठेवले आणि विचारलं, "ती खायला लागली का?" मी म्हटलं, हो, ९ ऑगस्टला, एक छोटा उंदीर. त्यांनी उशीजवळची डायरी काढली आणि तारीख लिहून घेतली. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज ती २,०१० ग्रॅम आहे. नर परत केला. वही अजून चालू आहे.

तुमच्याकडे म्हातारं कुत्रं, मांजर, कासव, काहीही असेल तर तुमचे अनुभव जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!