कोंबड्यांचं फिरतं घर

पळसे, शिंदे, चेहेडी, सामनगाव, एकलहरे... आपल्या नाशिक रोडच्या आसपास परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या तुम्ही कितीतरी जणी आहात. अंड्यांचा पैसा हा बाईच्या हातात राहणारा पैसा. तो वाढावा, निदान बुडू नये, म्हणून आज फिरत्या खुराड्याबद्दल बोलू या.

फिरतं खुराडं म्हणजे तळ नसलेला, जाळीचा, चाकं लावलेला पिंजरा. कोंबड्या आत, पाय गवतावर, आणि रोज सकाळी पिंजरा आपल्या लांबीइतका पुढे सरकवायचा. अमेरिकेत व्हर्जिनियामधले जोएल सॅलटिन हे शेतकरी यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे पिंजरे 10 फूट बाय 12 फूट, उंची फक्त 2 फूट. पण यामागचा विचार आपल्याला नवा नाही. सुगी झाल्यावर आपण धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवतो ना? आज या तुकड्यात, उद्या पुढच्या. कोंबड्यांचंही तेच करायचं.

का करायचं? एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम शीट टाकते. दहा कोंबड्यांची झाली किलोभर. एकाच जागी ती साचली की गवत जळतं, वास येतो, माश्या होतात, आणि जंत व रक्ती हगवण कोंबडीकडून कोंबडीकडे जात राहते. तीच शीट रोज नव्या जागी पडली की तिचं खत होतं. शिवाय कोंबडीला रोज नवं गवत, नवे किडे.

आता कागद-पेन घ्या, मापं सांगते. दहा कोंबड्यांना दिवसा 8 फूट बाय 4 फूट पुरे. उंची अडीच फूट. म्हणजे 32 चौरस फूट जागा. एका गुंठ्यात 1,089 चौरस फूट असतात. रोज एक जागा बदलली, तर एका गुंठ्यात 34 दिवस जातात. पहिल्या जागेवर परत येईपर्यंत तिला महिनाभर विश्रांती मिळते.

खरी अडचण आहे वजनाची. आपण फॅब्रिकेशनवाल्याकडे जातो, तो म्हणतो, "ताई, मजबूत करून देतो," आणि दीड इंची जाड अँगल वापरतो. नुसता सांगाडाच 60 किलोच्या घरात जातो. मग ते हलवायला घरातला गडी लागतो. तो कामावर गेला की खुराडं जागेवरच. चार दिवसांनी कोणी हलवत नाही, आणि फिरतं खुराडं बसकं होतं.

म्हणून एक इंची चौकोनी, 18 गेजचा पाइप सांगा. सांगाडा 20 किलोच्या आत बसतो. बाजूंना एक इंची वेल्डमेश. नुसती षटकोनी कोंबडी-जाळी कुत्रं फाडतं. वर अर्ध्या भागावर पत्रा, अर्ध्यावर जाळी. सगळं मिळून 40 किलोच्या आसपास.

चाकं एकाच टोकाला, ओढायच्या बॅगेसारखी. जमिनीपासून किंचित वर बसवा, म्हणजे एरवी खुराडं जमिनीला टेकलेलं राहील आणि समोरून उचललं की चाकं टेकतील. पत्रा आणि अंडी घालायची पेटी चाकांच्या बाजूला. ओढायचे दांडे समोर दीड फूट बाहेर काढा. असं केलं की उचलताना हाताला 15-16 किलोच येतात, भरलेल्या हंड्याएवढे. काळ्या रानात बारीक चाक रुततं, तेव्हा भंगारातली जुन्या स्कूटरची चाकं बघा.

दोन गोष्टी आणखी. अंड्यांच्या पेटीला बाहेरून झाकण ठेवा, वाकून आत शिरायला नको. आणि मागच्या दांड्याखाली पाय चेंगरू नयेत म्हणून तिथे रबराची पट्टी लावा, दाणे पुढच्या बाजूला टाका आणि अगदी हळू ओढा. आठवड्यात कोंबड्या स्वतःच पुढे चालायला शिकतात.

उन्हाळ्यात पत्र्याला चुना मारा, वर ओलं गोणपाट टाका, खुराडं झाडाच्या सावलीत घ्या. पावसाळ्यात काळी जमीन चिखल झाली, की मुरमाड, उंच जागेवर हलवा. गवत-किड्यांवर कोंबडीचं सगळं पोट भरत नाही. दाणे आणि खाद्य द्यायचंच. सोबत शिंपल्यांचा चुरा, म्हणजे कवच टणक राहतं. फवारणी चालू असलेल्या द्राक्षबागेत खुराडं नेऊ नका. मेथी-कोथिंबिरीच्या उभ्या वाफ्यातही नको, ती भाजी आपण खातो. मानमोडीची लस मात्र खुराडं कसलंही असो, वेळेवर हवीच. तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

आता रात्रीचं. दारणाकाठच्या उसात बिबट्या असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. जे खुराडं तुम्ही एकट्या ओढू शकता, ते बिबट्या सहज उलथवेल. मुंगूस आणि रानमांजर तर खालून उकरूनही आत येतं. हलकं आणि बळकट, दोन्ही एकाच पिंजऱ्यात मागू नका. फिरतं खुराडं दिवसासाठी. रात्री कोंबड्या घराला लागून असलेल्या पक्क्या खुराड्यातच. दिवे लागायच्या आधी डब्यात दाणे वाजवायची सवय लावा, त्या आपोआप मागे येतात. कोंबड्या कोंडायला अंधार पडेपर्यंत थांबू नका. उसाजवळ ते कोंबडीइतकंच तुमच्याही जिवाचं आहे.

शेवटचं सांगते. खुराडं तयार झालं की पैसे देण्याआधी ते मातीवर ठेवायला सांगा. तुम्ही स्वतः, एकट्या, 8 फूट ओढून बघा. सासूबाई घरी कोंबड्या बघत असतील, तर त्यांनाही बघू द्या. जिला ते रोज हलवायचं आहे तिला हललं, तरच ते घ्या. कोणाला हाक मारावी लागली, तर तिथल्या तिथे सांगा, "दादा, वजन कमी करा."