एका रविवारची गोष्ट : आयर्लंडचा हर्लिंगचा अंतिम सामना



आयर्लंड हे नाव आपल्या कानांना परके नाही. लोकमान्यांनी १९१६ साली 'होमरूल' हा शब्द हाती घेतला, तो मूळचा त्याच बेटावरच्या चळवळीचा. त्या देशाचे राजकारण आपल्याकडील वाडवडिलांनी मोठ्या आवडीने वाचले. पण तिथला शेतकरी, मास्तर, दुकानदार वर्षातला एक रविवार कशासाठी राखून ठेवतो, हे विचारण्याचे आपल्याला फारसे सुचले नाही. तो रविवार हर्लिंग नावाच्या खेळाच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्याचा. त्याची हकिगत आज सांगावयाची आहे. ती खेळाची तर आहेच, पण त्याहून अधिक ती गावाच्या अभिमानाची आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्यातून, मुळाजवळची वळणदार शीर सांभाळून, कमरेएवढी काठी कापून काढतात. तिचे टोक पसरट असते. चेंडू कातड्याचा, आकाराने क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण वजनाने हलका. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गडी. चेंडू जमिनीवर मारा, अधांतरी मारा, हातात झेला, काठीच्या टोकावर तोलून धरीत पळा, सारे चालते. दोन उंच खांब आणि त्यांमधली आडवी दांडी हे लक्ष्य. चेंडू दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. गुणफलक '२-७' असा लिहितात. त्याचा अर्थ दोन गोल व सात गुण, एकूण तेरा. हॉकीशी ह्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण हॉकीत चेंडू जमिनीशी इमान राखतो. इथे तो बराच वेळ डोक्यावरून उडत असतो.

खेळ फार जुना. १३६६ साली इंग्रजांनी किलकेनी येथे कायदा करून आपल्या वसाहतवाल्यांना ह्या खेळापासून दूर राहण्याची ताकीद दिली होती. त्याच किलकेनीच्या नावावर आज सर्वांत जास्त, छत्तीस, अजिंक्यपदे आहेत! कायद्याचे असे हसे क्वचितच झाले असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोठा दुष्काळ पडला, लाखो माणसे मेली, लाखो देश सोडून गेली, आणि गावोगावचे हे खेळ विझत आले. ते विझू नयेत म्हणून धडपडणारा माणूस म्हणजे मायकेल क्युसॅक. हा क्लेअर परगण्याचा. डब्लिनमध्ये त्याची शाळा होती, आणि तीत तो कशासाठी मुले तयार करीत असे? सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांसाठी! साम्राज्याला कारकून पुरविणाऱ्या ह्या मास्तराने १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावच्या एका हॉटेलात मोजकी माणसे जमवून गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. मॉरिस डॅव्हिन हा नामांकित मर्दानी खेळाडू पहिला अध्यक्ष झाला आणि कॅशेलचे आर्चबिशप क्रोक आश्रयदाते झाले. संस्थेचा मुख्य शहाणपणा तिच्या बांधणीत होता. पंचक्रोशीचा एक संघ आणि त्यांवर परगण्याचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा, संघ. माणूस खेळतो तो आपल्या मातीसाठी. ही चौकट एकदा पक्की बसली ती आजतागायत हललेली नाही.

पहिली स्पर्धा १८८७ सालची. प्रत्यक्ष खेळले फक्त पाच परगणे. अंतिम सामना व्हायला १८८८ चा एप्रिल उजाडला. १ तारखेस, ईस्टरच्या रविवारी, बर गावातल्या एका मैदानात टिपेरेरी आणि गॉलवे समोरासमोर उभे राहिले. त्या काळी विजयी परगणा आपला सर्वांत बलवान गावसंघच पुढे करी. म्हणून टिपेरेरी म्हणजे थर्ल्सचे गडी आणि गॉलवे म्हणजे मीलिकचे. एका बाजूस एकवीस जण. टिपेरेरीने एक गोल व एक गुण केला, गॉलवेला काहीच करता आले नाही. ह्या घरगुती समारंभातून पुढे काय उभे राहणार आहे, ह्याची कल्पना त्या शेतकऱ्यांना असण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी संस्थेचे खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि १८८८ ची स्पर्धा अर्धवटच राहिली. नियमही हळूहळू घडत गेले. आरंभी एक गोल कितीही गुणांपेक्षा भारी होता. १८९२ पासून त्याचे मोल पाच गुण झाले, १८९६ पासून तीन. गडी एकवीसाचे सतरा आणि १९१३ मध्ये पंधरा झाले. त्याच वर्षी संस्थेने डब्लिनमधले जोन्स रोडचे मैदान विकत घेऊन त्याला आर्चबिशप क्रोक ह्यांचे नाव दिले.

हे क्रोक पार्क नुसते मैदान नव्हे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी तिथे डब्लिन आणि टिपेरेरी ह्यांच्यात गेलिक फुटबॉलचा सामना चालू असता ब्रिटिश सशस्त्र दलाने गोळीबार केला. चौदा माणसे मेली. त्यांत मायकेल होगन हा टिपेरेरीचा खेळाडू होता. त्याच्या नावाचा प्रेक्षामंडप आज तिथे उभा आहे, आणि अंतिम सामन्याचा विजयी कर्णधार त्याच मंडपात चषक उंचावतो. जालियनवाला बाग आदल्याच वर्षीची. तेव्हा आपणांस ह्यावर अधिक भाष्य नको.

त्या चषकाचीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. त्याला लियम मॅकार्थी ह्याचे नाव आहे. हा जन्मला १८५३ साली लंडनमध्ये, आईबाप आयरिश. लंडनमधल्या आयरिश लोकांत खेळाची संघटना त्याने वाढविली, आणि त्या परदेशस्थ लोकांनी एकदा तर चमत्कारच केला : १९०१ चे अजिंक्यपद लंडनने कॉर्कला हरवून पटकावले. पोटासाठी समुद्र ओलांडून गेलेली माणसे! मॅकार्थीने दिलेला चषक प्रथम दिला गेला तो १९२१ च्या स्पर्धेसाठी, लिमरिकच्या बॉब मॅकॉन्कीला. पण सामना झाला मार्च १९२३ मध्ये, कारण मधल्या काळात आधी इंग्रजांशी लढा आणि मग भावाभावांत यादवी चालू होती. मार्चमध्येही ती यादवी संपली नव्हती. अशा वेळी लोक खेळ पाहावयास जमले, ही गोष्ट मला त्या देशाविषयीच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा अधिक सांगून जाते.

१९२६ साली गॉलवे व किलकेनी ह्यांच्या उपान्त्य सामन्याचे वर्णन नभोवाणीवरून चालता-चालता ऐकविले गेले; युरोपात मैदानी खेळाचे असे ते पहिलेच वर्णन मानतात. १९३१ मध्ये कॉर्क आणि किलकेनी ह्यांचा सामना दोनदा बरोबरीत सुटला आणि निकाल तिसऱ्या खेपेस लागला. आणि ३ सप्टेंबर १९३९! त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. क्रोक पार्कवर आभाळ फाटले, विजा कडाडल्या, आणि त्या पावसात किलकेनीने कॉर्कला एका गुणाने, २-७ विरुद्ध ३-३, हरविले. हरलेल्या संघाचा कर्णधार जॅक लिंच. ह्याने पुढे हर्लिंगची पाच व फुटबॉलचे एक अजिंक्यपद मिळविले आणि १९६६ मध्ये तो देशाचा पंतप्रधान झाला.

परंतु ह्या खेळातला सर्वांत लाडका माणूस पंतप्रधान नव्हता. तो तेलाची टाकीगाडी चालवीत असे. क्रिस्टी रिंग, कॉर्क परगण्यातल्या क्लॉइनचा. १९५४ चा अंतिम सामना वेक्सफर्डविरुद्ध पाहावयास ८४,८५६ लोक आले होते. कॉर्क जिंकले आणि रिंगला आठवे पदक मिळाले. तोवर इतकी पदके कोणालाच मिळाली नव्हती. १९५६ मध्ये पुन्हा तेच दोन संघ. सामना संपत आलेला, वेक्सफर्ड थोडे पुढे, आणि रिंगने चेंडू घेऊन गोलाकडे झेप घेतली. नववे पदक हाताशी आलेले. वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली ह्याने तो फटका अडविला. चेंडू वर गेला, पुन्हा हाती आला, दूर भिरकावला गेला, आणि थोड्याच वेळात पलीकडच्या टोकास वेक्सफर्डचा गोल झाला. सामना संपल्यावर वेक्सफर्डच्या दोन खेळाडूंनी आपला विजय बाजूस ठेवून रिंगला खांद्यावर घेतले. जिंकणाऱ्यांनी हरलेल्याला मिरवल्याचे उदाहरण कोणाला ठाऊक असेल तर त्यांनी मला अवश्य सांगावे.

आता एक अडचणीचा प्रश्न. ह्याला राष्ट्रीय अंतिम सामना म्हणावयाचे कशाला? १८८७ ते २०२५ ह्या काळातल्या १३८ अजिंक्यपदांपैकी ९५ किलकेनी, कॉर्क आणि टिपेरेरी ह्या तिघांनीच वाटून घेतली. उत्तरेच्या अल्स्टरमधल्या एकाही परगण्यास हा चषक मिळालेला नाही. ॲन्ट्रिम १९४३ व १९८९ मध्ये दारापर्यंत येऊन परतले. हा आक्षेप खरा आहे, आणि खेळाचे अभिमानी तो टाळतात हे बरे नाही. तरीही उरलेल्यांचा जीव त्यात का अडकतो, ते वाट पाहणाऱ्यांकडे पाहिले म्हणजे कळते. गॉलवेने १९२३ नंतर १९८० साली चषक जिंकला, तेव्हा कर्णधार जो कॉनोली ह्याने आभाराचे भाषण आयरिश भाषेत केले. क्लेअर १९१४ साली जिंकले. त्यानंतर थेट १९९५ मध्ये. एक्क्याऐंशी वर्षे! बिडी अर्ली नावाच्या जडीबुटीवाल्या बाईच्या शापामुळे हे होते, असे लोक म्हणत. बाई वारली १८७४ साली, म्हणजे संस्थेच्याही आधी. पण शापाला तारखांचे वावडे नसते. लिमरिकने पंचेचाळीस वर्षे काढली. २०१८ मध्ये त्यांचे ग्रहण सुटले, आणि मग २०२० पासून लागोपाठ चार वर्षे चषक त्यांच्याच घरी. त्यातला २०२० चा सामना साथीमुळे डिसेंबरात, रिकाम्या मैदानात झाला.

आणि हे सारे खेळाडू बिनपगारी. ऐंशी हजार माणसे तिकीट काढून येतात, पण खेळणारा सोमवारी शाळेत, शेतात, कचेरीत हजर असतो. पगार देऊन परगण्याबाहेरचा नामांकित गडी आणण्याची सोय नाही. त्यामुळे चांगली पिढी जन्माला यावी लागते, ती वाढवावी लागते, आणि तोवर थांबावे लागते. पैसा आता भोवती पुष्कळ आहे. ही घडी किती दिवस टिकेल ह्याची काळजी तिथल्या जाणत्यांना आहे, आणि ती अनाठायी नाही. काठीच्या लाकडावरही संकट आहे : ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे, आणि बांबूच्या काठ्या आता मैदानात दिसू लागल्या आहेत.

पूर्वी हा सामना सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी होई. आता तो जुलैत होतो. २०२४ मध्ये जादा वेळ खेळून क्लेअरने कॉर्कला एका गुणाने हरविले. २०२५ मध्ये पुन्हा कॉर्क, आणि ह्या खेपेस टिपेरेरी. मध्यंतरास कॉर्क सहा गुणांनी पुढे होते. उत्तरार्धात त्यांना अवघे दोन गुण करता आले. टिपेरेरीने तीन गोल करून ३-२७ विरुद्ध १-१८ असा सामना जिंकला. कॉर्कने शेवटचा चषक नेला तो २००५ साली. ते अजून वाट पाहत आहेत.