कारागिराच्या हाती कॅमेरा



नाशिक जिल्ह्यातील येवल्याची पैठणी पारखण्याची एक जुनी रीत आहे. जाणते गिऱ्हाईक पदर हाती घेते आणि सर्वप्रथम तो उलटा करून पाहते. रंगीत रेशमाच्या छोट्या तिल्ल्यांनी, धाग्यात धागा गुंतवीत हाताने विणलेली नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. जेकार्डच्या साहाय्याने काढलेल्या नक्षीच्या उलट बाजूस मात्र सुटे धागे आढळतात. मागापाशी आलेल्या गिऱ्हाइकास हा भेद एका दृष्टिक्षेपात कळतो.

आज मात्र गिऱ्हाईक मागापाशी येतेच असे नाही. ते नागपुरात असेल, बंगळूरात असेल किंवा सातासमुद्रापलीकडे असेल. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर साडी पाहून ते मागणी नोंदविते. त्याला पदर उलटून पाहता येत नाही, जरीवरून बोट फिरविता येत नाही. महिनोन्‌महिने खपून विणलेली पैठणी आणि यंत्रमागावरची तिची नक्कल ही दोन्ही दुरून घेतलेल्या छायाचित्रात सारखीच दिसतात आणि मग स्वस्त नक्कल बाजी मारून जाते. भौगोलिक मानांकनासंबंधीचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि पैठणीच्या नावाला त्याचे संरक्षण लाभले. कायदा नावाचे रक्षण करतो. परंतु समोरची विशिष्ट साडी हातविणीची आहे, हे दूरच्या गिऱ्हाइकास पटवून देण्याचे काम विणकरालाच करावे लागते. त्यासाठी विणीचे स्वच्छ, जवळून घेतलेले छायाचित्र हे सर्वांत सोपे साधन होय. ते घेणारा कॅमेरा बेताच्या खर्चात कसा निवडावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कॅमेरा घ्यावयाचे ठरले की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे “किती मेगापिक्सेलचा?” एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला अंकीय कॅमेरा तयार केला, तेव्हा त्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते आणि एक चित्र ध्वनिफितीच्या कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. त्या काळी बिंदूंची संख्या वाढविणे अगत्याचेच होते. आता परिस्थिती पालटली आहे. नेहमीच्या ए-फोर आकाराच्या कागदावर उत्तम प्रतीची छपाई करावयाची झाल्यास सुमारे ८७ लाख बिंदू पुरतात आणि पडद्यावर पाहण्यास त्याहूनही पुष्कळ कमी लागतात. सामान्य भ्रमणध्वनीतही १२ मेगापिक्सेल किंवा अधिक क्षमता असते. तेव्हा ४८ की १०८ या आकड्यांच्या मागे लागून जादा पैसे मोजण्यात कारागिराचे हित नाही.

त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. हा कॅमेरा वस्तूच्या किती जवळ जाऊन स्पष्ट पाहू शकतो आणि त्या वेळी चौकटीत किती रुंदीचा भाग मावतो? हे तपासण्यास यंत्रविद्येचे ज्ञान लागत नाही; शाळेतील मोजपट्टी पुरते. पट्टी सपाट ठेवावी, कॅमेरा तिच्या शक्य तितका जवळ न्यावा आणि रेषा अस्पष्ट होऊ न देता छायाचित्र घ्यावे. चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते मोजावे. ही संख्या जितकी लहान, तितका तो कॅमेरा सूक्ष्मदर्शनास योग्य. पदरावरील मोर किंवा कुयरी दाखविण्यास ६० ते ७० मिलिमीटर पुरतात. हुपरीच्या चांदीच्या दागिन्यावरील बारीक काम दाखवावयाचे तर २० ते ३० मिलिमीटरपर्यंत यावे लागते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यास किंवा कोल्हापुरी चपलेस मात्र एवढ्या जवळिकीची सहसा गरज पडत नाही. आपल्या मालातील सर्वांत बारीक काम कोणते, हे आधी ठरवावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

यानंतर तीन मार्ग उरतात. पहिला मार्ग खिशातल्या भ्रमणध्वनीचा. त्याचा मुख्य कॅमेरा बहुधा दहा सेंटीमीटरच्या आसपास जाऊन स्पष्ट पाहतो आणि साडीच्या नक्षीस तेवढे अनेकदा पुरते. काही भ्रमणध्वनींतील रुंद दृष्टीचा कॅमेरा दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतही जातो. मात्र ‘मॅक्रो’ असे नाव दिलेले अवघ्या दोन मेगापिक्सेलचे स्वतंत्र भिंग अनेक स्वस्त भ्रमणध्वनींत असते, त्याच्या नावावर भुलू नये. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने थोडे दुरून चित्र घेऊन नको तो भाग कापलेला बरा. हाती असलेल्या भ्रमणध्वनीने काम भागत असेल, तर नवी खरेदी करूच नये.

दुसरा मार्ग लहान, एकसंध कॅमेऱ्याचा. भ्रमणध्वनीच्या प्रसारामुळे असे कॅमेरे बाजारात कमी झाले असले, तरी वापरलेले नग मिळतात. यांतील कित्येक कॅमेरे वस्तूच्या एक ते पाच सेंटीमीटर जवळ जातात. पण बहुतेकांत ही सोय रुंद दृष्टी ठेवल्यासच मिळते. झूम वाढविला की अंतरही वाढते. शिवाय इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते आणि सरळ काठ किंचित वाकडे दिसतात. ऑलिम्पसच्या टफ मालिकेतील काही कॅमेऱ्यांत, विशेषतः २०१९ च्या टीजी-६ मध्ये, एक सेंटीमीटर अंतरावरून पाहणारी सूक्ष्मदर्शक योजना आहे. दागिने घडविणाऱ्यास ती उपयोगी पडू शकेल.

तिसरा मार्ग भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा. त्यासोबत मिळणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे सामान्य भिंग साधारणतः २५ सेंटीमीटरवरून स्पष्ट पाहते. हे अंतर भिंगाच्या तोंडापासून मोजत नाहीत, आतील संवेदकापासून मोजतात, हे ध्यानी ठेवावे. महागडे मॅक्रो भिंग घेण्यापूर्वी दोन स्वस्त उपाय करून पाहता येतात. एक, भिंगावर बसणारी जोडकाच. तिचा नंबर चष्म्याप्रमाणेच वाचावयाचा असतो. दूरवर रोखलेल्या भिंगावर २ नंबरची काच बसविली की ते अर्ध्या मीटरवर आणि ४ नंबरची बसविली की पाव मीटरवर स्पष्ट पाहू लागते. दुसरा, कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये बसवावयाचे पोकळ कडे. दूरवर रोखलेल्या ५० मिलिमीटरच्या भिंगामागे २५ मिलिमीटरचे कडे घातल्यास वस्तूच्या निम्म्या आकाराची प्रतिमा संवेदकावर उमटते. विद्युतजोड असलेलेच कडे घ्यावे. अन्यथा नव्या भिंगांचे स्वयंचलित रोखणे बंद पडते.

कोणताही मार्ग पत्करला, तरी सर्व रक्कम कॅमेऱ्यातच गुंतवू नये. काही पैसे तिपाईसाठी अवश्य राखावेत. जवळून घेतलेल्या चित्रात हाताचा किंचितसा कंपही ठळक उमटतो. त्यासाठी कॅमेरा तिपाईवर बसवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि हात दूर घ्यावा. दुसरी बाब प्रकाशाची. थेट ऊन टाळावे आणि उत्तरेकडील खिडकीचा मंद उजेड पसंत करावा. समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की सावल्या सौम्य होतात. कॅमेऱ्यावरील फ्लॅश बंदच ठेवावा, कारण जर आणि चांदी त्यात पांढरीफटक होतात. खिडकीचा उजेड आणि घरातील दिवा यांचे मिश्रणही करू नये, त्याने रंग बिघडतो.

कापडाच्या बाबतीत एक विशेष अडचण येते. बारीक विणीचे धागे आणि संवेदकावरील बिंदूंच्या ओळी एकमेकांवर आल्या की चित्रात लाटांसारखे खोटे पट्टे दिसू लागतात. गिऱ्हाईक त्यास कापडातील दोष समजते. अशा वेळी कॅमेऱ्याचे अंतर किंवा कोन थोडा बदलावा. पट्टे नाहीसे होतात. तसेच जवळून पाहताना स्पष्टतेची खोली फार थोडी असते. भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात वस्तूच्याच आकाराची प्रतिमा घेताना, छिद्र एफ-८ वर ठेवूनही, ती एक मिलिमीटरहून कमी भरते. म्हणून कापड ताणून सपाट करावे आणि कॅमेरा त्यास समांतर धरावा.

आता थोडे खरेदीविषयी. येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांची जबाबदारी मोठी आहे. एकेका विणकराने कॅमेरा घेण्यापेक्षा विणकरांच्या सहकारी संस्थेने किंवा महिला बचत गटाने मिळून एक घेणे परवडते. परंतु सार्वजनिक पैशातून खरेदी करताना मागणीपत्रात केवळ मेगापिक्सेलचा आकडा घातला, तर सर्वांत कमी दराने येणारे यंत्र तो आकडा पुरा करील आणि कामास मात्र निरुपयोगी ठरेल. त्याऐवजी “अमुक मिलिमीटर रुंदीचा भाग चौकटभर आणि कडेपर्यंत स्पष्ट दिसावा, तिपाईचा आटा असावा, प्रकाश व रंगसमतोल हाताने ठरविता यावा” अशा अटी लिहाव्यात. निर्णयापूर्वी कारागिरास सोबत न्यावे आणि त्याच्याच मालाचे छायाचित्र काढून पाहावे. वापरलेला कॅमेरा असेल, तर कोऱ्या पांढऱ्या कागदाचे चित्र घ्यावे. संवेदकावरील डाग त्यात उघडे पडतात. त्याची बॅटरी आणि चार्जर अजून मिळतात की नाही, हेही विचारून घ्यावे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सोनार, चर्मकार, खेळणी बनविणारे आदी १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून प्रशिक्षण आणि विपणन-साहाय्य ही तिची अंगे आहेत. अशा प्रशिक्षणवर्गांत छायाचित्रणाचा एखादा तास ठेवल्यास त्याचा लाभ तत्काळ दिसेल. गावातील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलामुलींना मोजपट्टीची ही चाचणी शिकविली, तर मागावर बसलेल्या आईवडिलांच्या हाताखाली एक जाणता मदतनीस तयार होईल.

शेवटी एक पथ्य सांगणे जरूर आहे. छायाचित्र उजळ करण्याच्या नादात रंग बदलू नये. तयार चित्र आणि प्रत्यक्ष साडी दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पडताळावी. घरी पोहोचलेली साडी चित्राहून निराळी निघाली, तर ती परत येते आणि तिच्याबरोबर विश्वासही जातो. प्रत्येक साडीची निदान तीन चित्रे द्यावीत : एक संपूर्ण साडीचे, एक नक्षीचे जवळून आणि एक त्याच नक्षीच्या उलट बाजूचे. त्या तिसऱ्या चित्रात विणकराचे श्रम दिसतात आणि त्या श्रमांचेच मोल त्याला मिळावयाचे आहे.