दोराचा सांधा : समुद्रावरील विद्या, आकाशातील उपयोग

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आज मी दोर सांधण्याविषयी बोलणार आहे, असे सांगताच काहींच्या चेहऱ्यांवर हसू उमटले ते मी पाहिले. दोर तुटला तर गाठ मारावी, त्यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. तरुणपणी मलाही तसेच वाटत असे. हा समज कसा दूर झाला, ती हकीकत प्रथम सांगतो.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. पुण्यास हडपसरच्या मैदानावर ही विमाने उडताना आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. त्यांना आकाशात चढविण्याची एक जुनी व स्वस्त रीत म्हणजे विंच. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर आणि सुमारे एक किलोमीटर अंतरावर दुसऱ्या टोकाला विंचचे इंजिन असते. दोहोंमध्ये बोटाहूनही बारीक असा पोलादी दोर पसरलेला असतो. इंजिन सुरू झाले की दोर पिंपावर भराभर गुंडाळला जातो आणि पोरांनी दोरीने पतंग चढवावा तसा ग्लायडर वर चढतो. मिनिटभराच्या आत तो ३०० ते ४०० मीटर उंची गाठतो. मग वैमानिक कडी सोडतो आणि दोर लहानशा छत्रीच्या आधाराने खाली येतो. त्या मिनिटात वैमानिकाचा सारा भरवसा एका दोरावर असतो.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मी अशाच एका मैदानावर शिकाऊ होतो. एके दिवशी सकाळी दोर तुटला. उड्डाणांची रांग लागलेली होती आणि घाई होती. मी दोन्ही टोके ओढून गाठ मारली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि ‘झाले’ म्हणून इशारा केला. पुढच्याच उड्डाणात, ग्लायडर साठेक मीटर उंचीवर असताना, दोर त्या गाठीपाशी पुन्हा तुटला. नाक वर करून चढणाऱ्या विमानाची ओढ एकाएकी नाहीशी झाली की त्याचा वेग काही क्षणांत घटतो. आत बसलेल्या शिक्षकांनी तत्काळ नाक खाली दाबले, वेग पुन्हा मिळविला, लोंबणारे टोक सोडून दिले आणि समोरच्या मोकळ्या जमिनीवर विमान सुखरूप उतरविले. कोणास खरचटलेही नाही. परंतु माझ्या पायांतले त्राण मात्र गेले. गाठ मी मारली होती.

विंचवर मदतनीस म्हणून मालवणकडील एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. पोरवयात ते गलबतावर खलाशी होते. त्यांनी तुटलेले टोक हातात घेऊन न्याहाळले आणि एवढेच विचारले, “गाठ मारलात, पण सांधो खंय घातलात?”

गाठ आणि सांधा यांतील भेद त्या दिवशी मला कळला. गाठीमध्ये दोर अगदी लहान वळणात वाकतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे सैल राहतात, आणि सगळा भार थोड्या तंतूंवर पडतो. म्हणून साध्या गाठीने दोराची ताकद पुष्कळ घटते. काही गाठींत ती जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय विंचवर दोर रुळांमधून धावतो. फुगीर गाठ तेथे प्रत्येक वेळी आदळते आणि झिजते. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको. चाकावरून जाणाऱ्या नाड्याला मोठी गाठ मारून कोण शेतकरी बैलांच्या मागे निर्धास्त उभा राहील?

सांध्याची रीत निराळी. काकांनी प्रथम काथ्याच्या तिपेडी दोरावर ती दाखविली. दोन्ही टोकांचे पेड उकलायचे, बोटांत बोटे गुंतवावीत तसे ते समोरासमोर बसवायचे आणि मग प्रत्येक पेड पिळाच्या उलट दिशेने एका पेडावरून व दुसऱ्याखालून ओवायचा. पेड उचलण्यासाठी निमुळती लाकडी खुंटी वापरायची. काथ्यासारख्या खरखरीत दोराला असे तीन फेरे पुरतात. गुळगुळीत नायलॉनला पाच किंवा अधिक लागतात. भार वाढेल तसे पेड एकमेकांस अधिक घट्ट आवळतात आणि घर्षणानेच सांधा टिकतो. दोर चाकावरून जाणारा असेल तर एकेक पेड लांबवर उकलून त्याच्या खाचेत समोरचा पेड बसवितात. अशा लांब सांध्याने दोराची जाडी फारशी वाढत नाही. पोलादी दोराला काकांनी हाच लांब सांधा घातला. त्यास बराच वेळ लागला आणि रांगेतील मुले कुरकुरली. पण तो सांधा रुळांतून सुतासारखा गेला.

पुढे पोलादी दोरावर धातूच्या नळ्या दाबून बसविण्याची पद्धत रूढ झाली आणि हातच्या सांध्याचे काम संपले, असे वाटू लागले. परंतु आता अनेक देशांतील विंचवर पोलादाऐवजी डायनीमासारखे कृत्रिम तंतूंचे दोर आले आहेत. ते इतके हलके असतात की पाण्यावर तरंगतात, आणि इतके निसरडे की गाठ त्यांत सरकते. त्यांना जोडण्याचा खात्रीचा मार्ग पुन्हा सांधा हाच ठरला. हा दोर वेणीसारखा विणलेला व आतून पोकळ असतो. एकाचे टोक निमुळते करून, दोराच्या जाडीच्या सुमारे सत्तर पट लांबीपर्यंत, दुसऱ्याच्या पोटात घालावयाचे. ताण पडला की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळून धरते. म्हणजे नव्या शतकातील तंतूंनाही खलाशाच्या बोटांची गरज उरलीच.

आपल्या किनाऱ्याचा या विद्येशी संबंध फार जुना आहे. अरबी समुद्रावर एके काळी खिळे न मारता, काथ्याच्या दोराने फळ्या शिवून जहाजे बांधीत असत. अजिंठ्याच्या चित्रांत दिसणाऱ्या पाचव्या शतकातील जहाजाच्या आधारे असेच एक शिवलेले जहाज गोव्यात बांधण्यात आले आणि ‘कौंडिण्य’ या नावाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. शिवणकामासाठी केरळचे कुशल कारागीर आणावे लागले. चित्र आपल्याजवळ होते. पण ते पाण्यावर उतरविणारे हात मोजकेच उरले होते. विद्या पुस्तकात राहिली तरी हातातून गेली म्हणजे ती परत मिळविण्यास किती सायास पडतात, हे यावरून ध्यानात यावे.

आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ग्लायडरच्या दोरात मुद्दाम एक कमजोर दुवा ठेवलेला असतो. विमानास सोसेल त्याहून अधिक ताण आला तर दोराच्या आधी हा दुवा तुटतो आणि विमान वाचते. प्रत्येक विमानासाठी त्याची ताकद ठरलेली असते व ती रंगावरून ओळखतात. पांढरा सुमारे ५०० किलो भारास तुटणारा, काळा सुमारे १००० किलोचा. कोठे तुटावे हे आधीच ठरविलेले असते. माझी गाठ हा न ठरविलेला कमजोर दुवा होता, आणि सगळा धोका त्यातच होता.

आता आपल्या गावाकडे येतो. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात महापूर आला. अशा वेळी पहिला मदतीचा हात बहुधा शेजाऱ्याचाच असतो, आणि त्या हातात दोर असतो. ग्रामपंचायतीच्या खोलीत जो दोर ठेवला आहे, तो कधी उघडून पाहिला होता? त्याला किती गाठी आहेत? त्या कोणी मारल्या? दोर वर्षातून निदान एकदा, पावसाळ्यापूर्वी, हातातून पूर्ण सोडून तपासावा. कुजलेला किंवा उन्हाने कडक झालेला दोर बाद करावा. माणसाचा जीव ज्यावर तोलायचा तो दोर सांधलेला नसून अखंडच असावा, आणि इतर कामाच्या दोरावर सांधा घातला तर तारीख व घालणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. त्या घटनेनंतर आमच्या मैदानावर अशी वही सुरू झाली, आणि तिच्यात नाव लिहावे लागते म्हणून आम्ही सारे आपोआप सावध झालो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की कार्यानुभवाच्या तासाला एक तिपेडी दोर वर्गात न्यावा. किनाऱ्यावरील गावांत एखादा जुना तांडेल अजून असेल, तर त्यास सन्मानाने शाळेत बोलवावे. घर्षण, ताण आणि भाराची वाटणी हे धडे मुलांच्या बोटांतून डोक्यात जातील.

त्या दिवशी सायंकाळी काकांच्या सांध्यावर पहिले उड्डाण कोणी करावे, असा प्रश्न निघाला. शिक्षकांनी माझ्याकडे बोट दाखविले. मी बसलो. दोराची ढील निघाली, तो ताठ झाला आणि विमान उचलले गेले. वर चढत असताना मी दुसऱ्याच्या हातावर किती विसंबून आहे, हे मला प्रथमच कळले. आपण जो दोर सांधतो त्यावर नेहमी दुसराच कोणी तरी बसणार असतो, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी माझे भाषण संपवितो.